गेल्दी, गेल्मिश

डेनिझ्लीतल्या त्या घराला बाहेरून जिना होता. खाली तेय्झे राहायच्या, वर मी. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. तेय्झे दिवसभराची विचारपूस करायच्या. मी बाजारात कानावर आलेलं काही सांगायला लागलो की पहिल्याच वाक्याला मला अडवायच्या. "ग्योर्द्यून म्यू?" पाहिलंस का?

मी पाहिलेलं नसायचं. कुणीतरी सांगितलेलं असायचं, किंवा मी अंदाजानं ताडलेलं असायचं. तसं कबूल केलं की त्या क्रियापदाचं शेपूट बदलून माझंच वाक्य मला परत द्यायच्या आणि मी ते पुन्हा म्हणेपर्यंत खिडकीतून हलायच्या नाहीत. तुर्की भाषेतला एक काळ मी असा खिडकीखाली उभा राहून शिकलो.

तेय्झे म्हणजे मावशी. खरा अर्थ आईची बहीण, पण तुर्कस्तानात आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तेय्झे म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसंच. मी त्यांना नावानं कधी हाक मारली नाही, इथेही नाव लिहीत नाही. शाळेत त्या पाचवीपर्यंत गेल्या होत्या. व्याकरण हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

मी सोलापूरचा. वडील यंत्रमागांचे जॉबर होते, साखर पेठेतल्या कारखान्यांतून बिघडलेले माग दुरुस्त करत फिरायचे. मी सूत निर्यात करणाऱ्या एका कंपनीत लागलो आणि २००८ च्या फेब्रुवारीत कंपनीनं मला डेनिझ्लीला पाठवलं. नैर्ऋत्य तुर्कस्तानातलं हे शहर. बाहेरचे लोक इथे येतात ते जवळचे पामुक्कालेचे पांढरेशुभ्र चुनखडीचे कठडे पाहायला. पामुक्काले म्हणजे कापसाचा किल्ला. शहर मात्र जगतं ते टॉवेल आणि बाथरोबवर. डोंगरातल्या बाबादा गावचे विणकर पिढ्यान् पिढ्या खाली उतरत आले आणि त्यांच्या नावाची मोठी बाजारपेठच शहरात उभी राहिली. तिथल्या गल्लीतून पहिल्यांदा चाललो तेव्हा भिंतीपलीकडून मागांचा खडखडाट आला, हवेत कापसाचा तूस होता, आणि घर सोडून पाच दिवस झालेल्या माझ्या छातीत एकदम काहीतरी सैल झालं.

भाषाही परकी वाटली नाही. क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. एव म्हणजे घर, एवदे म्हणजे घरात, एवदेन म्हणजे घरातून. प्रत्यय मागे चिकटत जातात. पुण्याहून येताना जेफ्री लुइस यांचं १९६७ सालचं 'टर्किश ग्रामर' बरोबर आणलं होतं. रोज रात्री त्यातली दोन पानं वाचायचो. तीन महिन्यांत बाजारात निभावण्याइतकी तुर्की आली. एका जागी मात्र गाडी सारखी अडायची. पुस्तकात भूतकाळ दोन होते.

गेल्दी म्हणजे आला. गेल्मिश म्हणजेही आलाच. (मराठी कानाला 'गेल्दी' ऐकताना कोणीतरी गेली असं वाटतं, ते वेगळं. गेल् म्हणजे येणं.) 'दी'चा भूतकाळ आपण स्वतः पाहिलेल्या, ज्याची हमी देतो त्या गोष्टींसाठी. 'मिश'चा भूतकाळ ऐकलेल्या, मागाहून कळलेल्या, खुणांवरून ओळखलेल्या गोष्टींसाठी. आधीच्या स्वराला जुळवून घेत 'दी'चं दू किंवा द्यू होतं, 'मिश'चं मश, मुश, म्युश होतं. पण गाठ एकच. शाळेतली मुलंसुद्धा यांना 'दी'वाला आणि 'मिश'वाला भूतकाळ म्हणतात.

मराठीतही हे आहेच. "तो आला म्हणे." "आलेला दिसतोय." "आला वाटतं." पण आपल्याकडे हे शब्द लावले तर लावले, नाही तर नुसतं "आला" म्हणून मोकळं होता येतं. तुर्कीत तशी सोय नाही. झालेलं काहीही सांगायचं तर तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं, हे मी माझ्या अंगावर घेऊन सांगतोय की नाही. मी सगळंच अंगावर घेऊन सांगत होतो. मला वाटायचं 'दी' साधा आहे, आधी तो पक्का करू, 'मिश' पुढे बघू. खिडकीतून येणारा प्रश्न होता तो नेमका या सवयीवर.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात या सवयीची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी भरावी लागली. आमचं वीस काउंटचं सूत न्हावा-शेव्याहून इझमीर बंदरात यायचं आणि तिथून ट्रकनं डेनिझ्लीला. चौदा मागांचा एक छोटा कारखानदार त्याची वाट पाहत होता. वयानं मोठा, म्हणून मी त्याला अबी म्हणायचो, म्हणजे दादा. इझमीरच्या एजंटाचा मला फोन आला, "गेमी गेल्मिश." जहाज आलंय म्हणे. मी लगेच अबींना फोन लावला आणि म्हणालो, "इप्लिक गेल्दी." सूत आलं. एजंटाच्या तोंडून माझ्या कानात शिरताना जो प्रत्यय होता तो माझ्या तोंडून बाहेर पडताना बदलला, आणि जहाजाचं सूत झालं.

अबींनी त्या भरवशावर दुसऱ्या व्यापाऱ्याचं उधारीवर मिळणारं सूत नाकारलं आणि रात्रपाळीच्या माणसांना बोलावणं धाडलं. जहाज खरंच लागलं होतं, पण आमचा कंटेनर त्यावर नव्हता. तो वाटेतल्या एका बंदरात उतरून पुढच्या जहाजाची वाट पाहत पडला होता. अकरा दिवस लागले. अबींची एक ऑर्डर गेली. मी भेटायला गेलो तेव्हा ते मागांच्या मध्ये स्टुलावर बसले होते. चौदा माग बंद, आणि बंद मागांमध्ये किती शांत असतं हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गेल्मिश देसेय्दिन." गेल्मिश म्हणायचं होतंस.

त्या रात्री मी तेय्झेंना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा ग्लास पुढे सरकवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. जहाज पाहिलंस का? नाही. सूत पाहिलंस? नाही. मग ते सूत तुझ्या जिभेवर आलं कुठून? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि फक्त त्यांचं बोलणं ऐकायला लागलो.

तेव्हा कळलं की 'मिश' म्हणजे नुसतं 'म्हणे' नाही. दुपारी टीव्हीपुढे त्यांचा डोळा लागायचा. जाग आली की म्हणायच्या, "उयुमुशुम." झोपले होते वाटतं. स्वतःविषयीच, पण स्वतःच्या नकळत झालेलं. झोपेचा साक्षीदार झोपलेला माणूस कसा असेल? सकाळी अंगण ओलं दिसलं की "याऽमुर याऽमश", पाऊस पडून गेलेला दिसतोय. सोलापूरहून आलेली शेंगाची चटणी मी त्यांना दिली, त्यांनी ती दह्यावर घालून चाखली आणि म्हणाल्या, "ग्युझेल ओल्मुश." छान झालीय की. जिभेवर चव उतरल्यावर झालेला साक्षात्कार, तोही 'मिश'मध्ये. मराठीत या प्रत्येक ठिकाणी मी वेगळी वाट धरतो, कधी 'वाटतं', कधी 'दिसतोय', कधी 'झालीय की'. तुर्कीत सगळ्यांना मिळून एकच अक्षर पुरतं. त्या सगळ्यांत समान काय आहे ते मला फार उशिरा कळलं, त्याविषयी पुढे येईलच.

त्यांचा चार वर्षांचा नातू माझा दुसरा शिक्षक. तो जेवणाच्या टेबलाखाली ट्रक चालवायचा. मला हाताला धरून खाली बसवायचा आणि जाहीर करायचा, "मी ड्रायव्हरमिश, तू प्रवासीमिश." तुर्की मुलं लुटुपुटीचा खेळ असाच मांडतात. 'मिश' लागला की खोलीतली जमीन रस्ता होते. आपली मुलं म्हणतात, "मी डॉक्टर झालो हं, तू पेशंट." तो 'हं' तिथे 'मिश'चं काम करतो. गोष्टीसुद्धा याच दारातून आत येतात. बहुतेक तुर्की परीकथांच्या तोंडी "बीर वार्मश, बीर योक्मुश" असतं, म्हणजे एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे. आमच्या आजीचं आटपाट नगर मात्र सरळ 'होतं'. तिनं ते पाहिलं असावं इतकं ठाम. दोन्ही सुरुवाती मला सारख्याच प्रिय आहेत.

पण मला सगळ्यांत आवडायचं ते तेय्झेंनी सांगितलेलं बाबादाचं जुनं आयुष्य. त्यांच्या पणजोबांनी खेचरावरून सूत आणलं, गेतिर्मिश. पणजीनं पायमागावर कापड विणलं, दोकुमुश. एका हिवाळ्यात एवढा बर्फ पडला की कापड विकायला कुणी खाली उतरू शकलं नाही, मागांच्या शेजारीच सगळे झोपले. मिश, मुश, म्युश अशी ती गोष्ट बर्फासारखी हळूहळू उतरत राहायची. मग एकाएकी, काही न सांगता, प्रत्यय बदलायचा. "आईनं मला धोट्यापाशी बसवलं." ओतुर्त्तू. 'दी'चाच अवतार. म्हणजे इथे त्या स्वतः आहेत, सहा-सात वर्षांच्या, पाय जमिनीला टेकत नाहीत. त्यांनी साल सांगितलं नव्हतं, वय सांगितलं नव्हतं. पण गोष्टीत त्या कुठे जन्मल्या ते एका अक्षरावरून ऐकू आलं. तेव्हापासून मी कुठल्याही तुर्की म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ऐकताना ती जागा शोधतो. घराण्याची आठवण संपून माणसाची स्वतःची आठवण सुरू होते ती जागा. मराठीत ती शोधायला प्रश्न विचारावे लागतात.

बाबांना माझ्या तुर्कीचं भारी कौतुक. दर रविवारी फोनवर ते एक शब्द मागायचे. पडद्याला पेर्दे, हिशेबाला हेसाप, खबरीला हाबेर म्हणतात हे कळल्यावर म्हणाले, "म्हणजे अर्धी भाषा आपल्याकडेच पडून आहे की." मी त्यांना गेल्दी-गेल्मिशची गोष्ट सांगितली, अबींच्या चौदा मागांसकट. जॉबरच्या जातीला बंद मागाचं दुःख वेगळं सांगावं लागत नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "त्या माणसाला पुढचा लॉट आधी दे." पुढच्या रविवारी फोन घेताच म्हणाले, "इथं लाईट गेल्मिश रे सकाळपासून." मी सांगितलं, बाबा, त्याचा अर्थ आलीय असा होतो. ते खूप हसले. त्यानंतर सोलापुरात वीज गेली की आमच्या घरात लाईट गेल्मिशच व्हायची. आईसुद्धा म्हणायची.

२००९ च्या नोव्हेंबरात एका रात्री अडीच वाजता धाकट्या भावाचा फोन आला. सोलापुरात सहा वाजले होते. बाबा झोपेतच गेले होते. भावानं विचारलं, "थांबायचं का तुझ्यासाठी?" मी मनातल्या मनात विमानं आणि गाड्या जोडून पाहिल्या आणि नको म्हणालो. फोन ठेवला तेव्हा दारात तेय्झे उभ्या होत्या. माझा आवाज ऐकून त्या बाहेरचा जिना अंधारात चढून आल्या होत्या. तुर्कीतही वडिलांना बाबाच म्हणतात. मी म्हणालो, "बाबाम ओल्म्युश."

त्या रात्री त्यांनी विचारलं नाही, पाहिलंस का.

त्यांच्या मुलानं मला चार्दाकच्या विमानतळावर सोडलं. तिथून इस्तंबूल, इस्तंबूलहून मुंबई, मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तो सरळ स्मशानात. थोरला मी, पण अग्नी धाकट्यानं दिला होता. माझ्या वाट्याला राख आली. चौदाव्याचं गोड जेवण झाल्यावर आठवडाभर आईजवळ राहिलो आणि डिसेंबरात डेनिझ्लीला परतलो.

तिथे भेटेल तो विचारायचा. मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचो, बाबाम ओल्म्युश. मला ते चोख वाटत होतं. मी पाहिलेलं नव्हतं. चेहरा नाही, चिता नाही. भावानं सांगितलेलं, राखेवरून ओळखलेलं. यापेक्षा पक्का 'मिश' कुठला असणार? पण लोक चमकायचे. कोपऱ्यावरचा किराणावाला तर हातातलं माप टाकून गल्ल्यामागून बाहेरच आला, कधी, आत्ता कळलं का, म्हणून. त्याला वाटलं मी फोन ठेवून तडक त्याच्या दुकानात शिरलोय. महिना झाला म्हटल्यावर तो गोंधळला, मग "बाशन साअ ओल्सुन" म्हणाला, तू सलामत राहा. तिथे मृत्यूनंतर असंच म्हणतात. तेय्झे यातलं बरंच काही ऐकत होत्या. माझ्या 'मिश'ला वळण लावणाऱ्या त्या, या एका वाक्यावर मात्र काही बोलत नव्हत्या.

त्या दिवस मोजत होत्या. रोज एक पान फाडायचं कॅलेंडर त्यांच्या भिंतीला होतं. मी पहाटे निघून गेलो त्या दिवसाचं पान त्यांनी टेबलक्लॉथखाली ठेवून दिलं होतं. चाळिसाव्या दिवशी त्यांनी सकाळीच मला खाली बोलावलं. शेगडीवर मोठं पातेलं होतं. त्यात लोणी विरघळलं, चिलगोज्यासारख्या बिया पडल्या, मग रवा. माणूस गेलं की तुर्की घरात रव्याचा हलवा भाजतात, आणि चाळिसाव्याला पुन्हा. रवा तांबूस व्हायला लागला आणि सगळ्या घरात आमच्या सत्यनारायणाचा वास सुटला. मला तिथे उभं राहवेना. त्यांनी लाकडी चमचा माझ्या हातात दिला. "ढवळत राहा. मी माझी प्रार्थना म्हणते, तू तुझी म्हण."

शेजारच्या चार बायका आल्या. एकीनं वडिलांचं विचारलं. मी ढवळता ढवळता तेच वाक्य म्हणालो. बायका वाट्या घेऊन गेल्यावर तेय्झेंनी शेगडी बंद केली.

"अजून ओल्म्युश म्हणतोस?"

"मी पाहिलं नाही तेय्झे. तुम्हीच शिकवलंत."

त्या बराच वेळ चमच्याला चिकटलेला हलवा बोटानं काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीही पाहिलं नाही." त्यांचा नवरा मालट्रक चालवायचा. अफ्योनच्या रस्त्यावर ट्रक उलटला. पेटी बंद करूनच घरी आणली, त्यांना उघडू दिली नाही. पुढचा अख्खा हिवाळा त्या रात्री त्याचं ताट मांडायच्या. कुणी विचारलं तर गेल्मेदी म्हणायच्या, आला नाही अजून. शेवटी एका संध्याकाळी सासूनं ते ताट उचललं आणि म्हणाली, सूनबाई, ओल्द्यू म्हण. तुझा माणूस होता तो. परक्याच्या माणसासारखं दुसऱ्याच्या तोंडून काय ऐकतेस?

"मिश लोकांसाठी," तेय्झे म्हणाल्या. "शेजाऱ्याचे वडील ओल्म्युश. पेपरातला माणूस ओल्म्युश. ज्या रात्री फोन आला त्या रात्री तुझे बाबाही ओल्म्युश होते, मी अडवलं का तुला? आता चाळीस दिवस झाले, बाळा."

मी म्हणालो. ओल्द्यू. बाबाम ओल्द्यू. फोन आल्यापासून मी रडलो नव्हतो, स्मशानातही नाही. रव्याच्या पातेल्याशेजारी, परक्या भाषेतल्या एका क्रियापदावर ते आलं. तेय्झे पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पुस्तकात 'पाहिलेलं' आणि 'न पाहिलेलं' अशी सरळ वाटणी असते, आणि शिकणाऱ्याला तिथूनच सुरुवात करावी लागते. दीड वर्ष खिडकीतून तीच वाटणी माझ्या गळी उतरवणाऱ्या बाईनं मला तिच्यापलीकडचं दाखवलं. 'मिश'च्या सगळ्या रूपांत समान काय ते आता लागलं. झोप, ओलं अंगण, चटणीची चव, फोनवरची बातमी, या सगळ्या मनाबाहेर आधीच घडून गेलेल्या गोष्टी, मनाला त्या आत्ता येऊन आदळताहेत. मन ती गोष्ट आत घेतं, तिच्यासाठी जागा करतं, मग डोळ्यांनी पाहिलेली नसली तरी ती 'दी'त येते. पुढे मला कळलं की आयहान आक्सू आणि डॅन स्लोबिन या भाषाशास्त्रज्ञांनी १९८२ साली 'मिश'वर लिहिताना याच अंगानं मांडणी केली आहे. बोलणाऱ्याच्या मनाची तयारी होती की नव्हती, हा त्यांचा मुद्दा. मी तो वाचला आणि माझ्या नाकात रवा भाजल्याचा वास आला.

आणि ही ओळख हजार वर्षांची आहे. काश्गरच्या महमूदनं ११व्या शतकात बगदादमध्ये अरबांसाठी तुर्की बोलींचा मोठा कोश लिहिला, 'दिवान लुगात अत-तुर्क'. त्यात त्यानं हा फरक नोंदवून ठेवला आहे. 'दी' बोलणाऱ्याच्या समक्ष घडलेल्यासाठी, 'मिश' त्याच्या माघारी घडलेल्यासाठी. या कोशाची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, १२६६ साली नकललेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती अली एमिरी नावाच्या ग्रंथवेड्या गृहस्थाच्या हाती इस्तंबूलच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात लागली आणि आता ती त्यानंच उभारलेल्या, फातिह भागातल्या मिल्लेत ग्रंथालयात आहे. परतीच्या वाटेवर मी त्या इमारतीच्या अंगणात जाऊन आलो. हस्तलिखित पाहिलं नाही, म्हणून त्याच्याविषयी तुर्कीत कुणाशी बोललो तर 'मिश'नंच बोलतो.

२०११ च्या जूनमध्ये मी डेनिझ्ली सोडलं. अबींकडे जाऊन आलो. बाबांच्या सांगण्यावरून त्यांना पुढचा लॉट सगळ्यांत आधी दिला होता, त्यानंतर त्यांनी आमच्याखेरीज कुणाचं सूत घेतलं नाही. तेय्झेंनी सकाळी कॉफी केली. तुर्की लोक म्हणतात, एका पेलाभर कॉफीची खातर चाळीस वर्षं राहते. त्यांचा शब्दही 'हातर' असाच आहे. मग मी तिथल्या रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे वाकलो, हाताचं चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावला आणि दूरच्या प्रवासाला निघालेला माणूस जे म्हणतो ते म्हणालो, "हाक्कनी हेलाल एत." तुमचा माझ्यावर जो हक्क आहे तो हलाल करा, मला मोकळं करा. हे वाक्य तिथे दारात निरोप घेताना म्हणतात आणि तिरडीपुढे उभं राहूनही म्हणतात.

"हेलाल ओल्सुन," त्या म्हणाल्या. "तूही कर."

दोन शब्दांत सगळं फिटलं. मी मराठी वळणाचा माणूस. आम्ही ऋणातच राहू इच्छितो असं पत्रात लिहितो आणि मनापासून लिहितो. इतक्या सहज मोकळं होणं मला जमेना. बस सुरू झाली तेव्हा त्या रस्त्यात तांब्या घेऊन आल्या आणि बसच्या मागे पाणी ओतलं. जाणारा पाण्यासारखा जावा आणि पाण्यासारखाच परत यावा, म्हणून ओततात.

मी अजून परत गेलेलो नाही. तेय्झेंना आता फोनवर ऐकू येत नाही. टेबलाखाली ट्रक चालवणारा नातू कॉलेजात शिकतो, माझ्याहून चांगलं इंग्रजी लिहितो, पण मला तुर्कीतच लिहितो, कारण मी तसं मागून घेतलंय. दर ईदला त्याचा निरोप येतो. यंदाच्या ईदला सकाळी मी साखर पेठेतून चाललो होतो, बाबांच्या जुन्या कारखान्यासमोरून, तेव्हा फोन वाजला. आधी नेहमीच्या शुभेच्छा होत्या. मग एक ओळ, अबी, बाबाआन्नेम सेनी सोर्दू. आजीनं तुझी चौकशी केली.

सोर्दू. मी तिथेच रस्त्याच्या कडेला थांबलो आणि त्याला फोन लावला.